पिशवीचं ऑपरेशन होईल-न होईल, तयारी मात्र सुरू : गहू बंद असलेल्या बाईच्या नोंदी

नोंदी त्या त्या दिवशी ऑफिसच्या जुन्या डायरीत लिहिल्या होत्या, टाईप करताना कुठेकुठे दोन शब्द वाढवलेत. मी डॉक्टर नाही. माझ्यासारखं दुहेरी लफडं (पाळीचा त्रास आणि खाण्याचं पथ्य) कुणाचं असेल तर त्यांना माझ्या चुका तरी कळतील एवढ्यासाठी.

१८ नोव्हेंबर

दिवाळी कशीबशी काढली आणि आज दवाखाना केला. दहा महिने झाले अंगावरून जास्त जातंय, गेल्या तीन पाळ्या तर नऊ-नऊ दिवस, गाठी पडतात, रात्री दोनदा उठावं लागतं, ऑफिसात खुर्चीवर टॉवेलची घडी घालून बसते. अक्कलकोट रोडला टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघते, त्यामुळे टॉवेलला तोटा नाही. जिना चढताना धाप लागायची ते मी वयावर ढकलत होते. वय ४४.

सोनोग्राफीत आलं की पिशवी सुजलीय, बारा आठवड्यांच्या गरोदर बाईएवढी, अ‍ॅडेनोमायोसिस म्हणतात त्याला, शिवाय भिंतीत ४.५ सेंमीची फायब्रॉइडची गाठ. हिमोग्लोबिन ७.४. डॉक्टर म्हणाले दोन मुलं झालीत ना, मग आता पिशवीचं काय काम, काढून टाकू, कटकट मिटेल. आधी दोन बाटल्या रक्त चढवायचं, मग दुर्बिणीतून ऑपरेशन, पॅकेज ६५ हजार, तारीख पुढच्याच आठवड्यातली. मी म्हटलं मला सिलिअ‍ॅक आहे, गहू चालत नाही, त्याचं काय करायचं. तर म्हणाले, "ऑपरेशनला गव्हाचा काय संबंध?"

सिलिअ‍ॅक कळून चौदा महिने झाले. दुर्बीण टाकून आतड्याचा तुकडा काढून तपासला होता तेव्हा पक्कं झालं. गहू, जव, रवा, मैदा, शेवया, पाव, बिस्किट सगळं बंद. सगळे म्हणाले तुझं बरंय, सोलापूरची आहेस, भाकरी खा. मीही तेच समजत होते.

खर्च आजचा: तपासणी ५००, सोनोग्राफी १२००, रक्ताच्या तपासण्या ९५०.

२१ नोव्हेंबर

घरात दोन पार्ट्या. सासूबाई म्हणतात काढून टाक, माझी पण काढली होती, काही होत नाही. ताई फोनवर रडायलाच लागली. हे म्हणतात तू ठरव, म्हणजे माझ्यावरच. शेजारच्या अक्कांनी (पद्मशाली आहेत, घरात तेलुगू, पण मराठी आपल्यापेक्षा फाडफाड बोलतात) मुद्द्याचं विचारलं, "कॅन्सर-बिन्सर नाही ते बघितलं का गं आधी?" नव्हतं बघितलं! कुणी सांगितलंच नव्हतं.

२०१९ साली बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्याच्या बातम्या आल्या होत्या त्या आठवल्या, आमचाही जिल्हा उसाचाच. त्या बायकांचं कारण वेगळं होतं, कामाचा खाडा पडू नये म्हणून. माझं तसं नाही, मला खरंच आजार आहे. पण "पुढच्या आठवड्यात" ऐकून जो गोळा आला पोटात तो काही गेला नाही, म्हणून दुसऱ्या डॉक्टरबाईंकडे गेले.

बाईंनी पाऊण तास दिला. म्हणाल्या ऑपरेशन लागेलही, नाही म्हणत नाही, पण क्रम असतो. एक, पिशवीच्या आतल्या अस्तराचा तुकडा तपासायचा. दोन, हिमोग्लोबिन १० च्या वर न्यायचं, रक्त न चढवता जमतंय का बघू. तीन, तुम्ही चौदा महिने गहू बंद करून पण लोह वाढत नाही म्हणजे एक तर गोळी पोटात टिकत नाही किंवा गहू अजून कुठून तरी पोटात जातोय, ते शोधा. चार, मग ठरवू काढायची की हार्मोनचं मिरेना (कॉपर-टीसारखं पिशवीत बसवायचं साधन) बसवून बघायचं. पाळीत रक्त थांबवायला ट्रानेक्झॅमिक अ‍ॅसिड दिलं, आणि एक चित्रांचा तक्ता, पॅड किती भिजलं त्यावर खुणा करायच्या आणि मार्क मोजायचे. १०० च्या वर म्हणजे जास्त. माझे गेल्या पाळीचे आठवून आठवून मांडले तर २६० झाले. शाळेत कधी इतके पडले नव्हते.

२६ नोव्हेंबर

पहिली चूक सापडली आणि ती माझीच. लोहाची गोळी मी सप्टेंबरपासून घेतेय, रोज सकाळी, चहाबरोबर. चहाने लोह अडतं हे बाईंनी सांगितल्यावर मी नुसती बघत राहिले, अडीच महिने मी गोळी घेऊन वर चहा ओतत होते. आणि रात्री कॅल्शियम आठवलं नाही तर तेही सकाळीच, एकत्र. तेही चालत नाही. आता गोळी सकाळी ११ ला ऑफिसात लिंबूपाण्याबरोबर, चहा त्याच्या दोन तास पुढेमागे नाही, कॅल्शियम रात्री. साहेबांचा चहा ११ लाच येतो, तो आता शेजारच्या टेबलावर जातो.

३० नोव्हेंबर

टीटीजी (गहू पोटात जातोय का ते सांगणारी रक्ताची तपासणी) आला. ८६. लॅबच्या कागदावर २० च्या आत पाहिजे. वर्षभर पथ्य करून ८६ म्हणजे गहू चालूच आहे, कुठूनतरी.

संध्याकाळी स्वयंपाकघरातले सगळे डबे ओट्यावर मांडले आणि पाकिटं-डब्या उलटून मागचं बारीक वाचत बसले, चष्मा लावून, पोरानं मोबाईलची बॅटरी धरली. सॉस ठीक, मसाला ठीक, इडली-रव्याचं पाकीट सासूबाईंचं, ते वेगळं. शेवटी हिंगाची डबी. पिवळी, अंगठ्याएवढी डबी, मागे अक्षरं मुंगीएवढी: खाद्य डिंक, गव्हाचं पीठ, हिंग. पीठ हिंगाच्या आधी लिहिलंय, म्हणजे जास्त तेच!

बांधानी हिंग म्हणजे हेच असतं, नुसता हिंग झेपत नाही म्हणून त्यात मैदा नाहीतर गव्हाचं पीठ घालून बांधतात. माझ्या घरात आमटीला, भाजीला, ताकाला, वरणाला, चौदा महिने दिवसातून दोनदा फोडणीत. चिमूटभरच, पण सिलिअ‍ॅकला चिमूट पुरते, ग्लूटेन म्हणजे गहू-जवातलं जे मला चालत नाही ते, आणि ग्लूटेन-फ्री म्हणून विकायचं तर दहा लाखात २० भागांपेक्षा कमी लागतं, त्यात चिमटीला जागा कुठे.

मी आणि पोरगं डबीकडे बघत बसलो. मग तो म्हणाला, "आई, त्या डॉक्टरांना फोटो पाठव." नाही पाठवला. पण काढून ठेवलाय.

आता: खडा हिंग, नाहीतर तांदळाच्या पिठात बांधलेला मिळतो तो. मला नवी पेठेत दोन दुकानं फिरल्यावर मिळाला. महाग आहे, ५० ग्रॅम खड्याचे साडेचारशे. सासूबाईंनी वास घेतला, म्हणाल्या आमच्या वेळी हाच होता.

३ डिसेंबर

हिंगावर समाधान मानून बसणार होते, पण दळण आणायला मीच गेले (एरवी हे आणतात) आणि अर्धा तास नंबर लागला म्हणून उभी राहून बघितलं. गिरणीत ज्वारीची चक्की वेगळी, गव्हाची वेगळी, मी तेवढ्यावरच निर्धास्त होते. पण ज्वारीच्या चक्कीचा पट्टा घसरत होता तर गिरणीवाल्या मामांनी माझ्या पुढच्या बाईंची ज्वारी सरळ गव्हाच्या चक्कीत ओतली. पीठ खाली पडायला तोच कापडी बोळा, झाडायला तोच कुंचा, आणि हवेत पीठ उडतंय ते वेगळंच, माझ्या डोळ्यांच्या पापण्या पांढऱ्या.

मामांना सांगितलं. भला माणूस आहे, वीस वर्षांची ओळख, म्हणाले, "ताई, एवढं मला कुठं माहीत, ज्वारी ती ज्वारीच की." मग ठरलं की सकाळी सातला गिरणी उघडताना पहिलं दळण माझं, ज्वारीच्याच चक्कीत, आणि आधी माझेच पावशेर तांदूळ दळून ते पीठ गाईला घालायचं म्हणजे चक्की पुसून निघेल.

मंगळवेढ्याची मालदांडी आणते मी माहेरून, मोत्यासारखी, ५० किलोचं पोतं. एवढी चांगली ज्वारी, आणि वर्षभर तिच्यात गहू मिसळून खात होते मी.

८ डिसेंबर

अस्तराची बायोप्सी. ओपीडीतच केली, भूल नाही, बारीक नळी घालून ओढून घेतात. "थोडं कळ येईल" म्हणाल्या. थोडं नाही, बऱ्यापैकी, पण दीड मिनिट. आधी अर्धा तास दुखण्याची गोळी घेऊन जा, मला कुणी सांगितलं नव्हतं म्हणून सांगते. आणि सोबत कुणीतरी न्या, मी स्कूटीवर एकटी गेले होते, परत येताना आसरा चौकात थांबून एका दुकानाच्या पायरीवर बसायला लागलं.

१८०० रुपये, रिपोर्ट आठ दिवसांनी.

१२ डिसेंबर

एचबी (हिमोग्लोबिन) ७.६. चहा सोडून, हिंग सोडून, दोन आठवड्यात ०.२. बाई म्हणाल्या आतड्याचा वरचा भाग जिथे लोह शोषतं तोच सिलिअ‍ॅकने खराब झालेला, तो भरून यायला महिने लागतील, आणि इकडे दर पाळीला जातंय. भोकाच्या हंड्यात वाटीने पाणी. गोळी बंद, लोहाचं सलाईन, फेरिक कार्बोक्सिमाल्टोज, १००० मिलिग्रॅम एकदम.

दवाखान्यात सकाळी गेले, पाऊण तासात सलाईन संपलं, नंतर अर्धा तास बसवून ठेवतात रिअ‍ॅक्शन येते का बघायला. औषध काळपट तपकिरी, गुळाच्या पाकासारखं दिसतं. मध्ये मी पाण्याची बाटली घ्यायला हात वाकवला आणि सुई हलली, थोडं बाहेर झिरपलं, लगेच बंद करून दुसऱ्या हाताला लावलं. पण डाव्या हातावर मनगटाच्या वर तपकिरी डाग पडला, रुपयाच्या नाण्यापेक्षा मोठा. सिस्टर म्हणाली जाईल, पण महिने लागतील. हात हलवू नका हे त्यांनी दोनदा सांगितलं होतं, माझंच चुकलं. सलाईन चालू असताना बाटली सोबतच्या माणसाकडे द्या.

खर्च औषध ३२००, दवाखाना ८००. बी१२ पण कमी निघालं, १६०, त्याची इंजेक्शनं वेगळी सुरू.

१९ डिसेंबर

दुसरं सलाईन, ५०० चं. हात देवळातल्या मूर्तीसारखा ठेवला. बायोप्सीचा रिपोर्ट आला: कॅन्सर नाही, हायपरप्लेशिया (अस्तराची जादा वाढ) नाही. अक्कांना आधी सांगितलं, मग ह्यांना.

२४ डिसेंबर

पहाटे सातला गिरणी जमेना. पहिल्या आठवड्यात जमलं, दुसऱ्या आठवड्यात एक बाई माझ्या आधी गहू घेऊन उभी. मामा तरी किती जणांना सांगणार. म्हणून घरघंटी घेतली, जुनी, ओळखीतून, ७५०० ला (नवी चौदा-पंधरा हजारांची होती). जुनी घ्यायची चूक करू नका म्हणणार होते, कारण आधीच्या घरात गहूच दळलेला. पूर्ण उघडून, ब्रशने, मग व्हॅक्यूमने, मग तीन किलो तांदूळ दळून फेकले. दोन संध्याकाळी गेल्या ह्यांच्या.

पहिली भाकरी थापली तर काठ फाटले, तव्यावर टाकताना दोन तुकडे. मला वाटलं ज्वारीची विरी (चिकटपणा) गेली, पण पीठ तर ताजं. मग दुसऱ्या दिवशी पण तेच. सासूबाईंनी चिमटीत पीठ घेऊन चोळलं आणि म्हणाल्या, "हा रवा आहे गं." गव्हाची जाळी लावलेली होती, बारीक छिद्राची जाळी वेगळी मिळते, १५० रुपये. जाळी बदलली, आधण कडक घेतलं, भाकरी टम्म. आता एका वेळी चार दिवसांचंच दळते, जास्त दळून ठेवलं की विरी जाते आणि मग परत काठ फाटतात.

तवा वेगळा, परात वेगळी, कालथा वेगळा, कालथ्याच्या दांड्याला लाल चिंधी. पोळपाट-लाटणं मी हातच लावत नाही.

२ जानेवारी

एचबी ९.८! तीन आठवड्यात. जिना चढून वर आले आणि लक्षात आलं की मध्ये थांबलेच नाही.

५ ते ७ जानेवारी

ऑपरेशन झालंच तर दवाखान्यात काय खायचं याची रंगीत तालीम. दवाखान्याच्या कँटीनला फोन करून विचारलं पेशंटला काय देता: सकाळी उपमा किंवा शेवयांची खीर, दुपारी दलिया, मध्ये चहा-टोस्ट. "हलकं असतं ताई सगळं." हलकं आहे, पण सगळा गहूच. डबा घरूनच न्यायचा ठरलं, तर मग तीन दिवस मी तोच डबा खाऊन बघितला, जसं ऑपरेशननंतर खाईन तसं.

पहिला दिवस भाताची पेज, मुगाच्या डाळीचं पाणी, नारळपाणी. ठीक. संध्याकाळी भुकेने डोकं दुखलं.

दुसरा दिवस ज्वारीच्या कण्या, आजी करायची तशा. रात्री भिजवून, सकाळी मऊ शिजवून, ताक आणि मीठ. पहिल्या खेपेला नीट शिजल्या नाहीत, दाताखाली कचकच, पोट दुखलं. कुकरला पाच शिट्ट्या आणि दहा मिनिटं बारीक गॅसवर ठेवल्यावर लोण्यासारख्या झाल्या. दुपारी साबुदाण्याची खिचडी खाल्ली, ती यादीतून कटाप, गॅस झाला आणि टाके असताना गॅस म्हणजे काय होईल ते ताईने सिझरच्या वेळचं सांगितलंय.

तिसरा दिवस आंबील. सकाळी सहाला भरलेला डबा दुपारी एकला उघडला तर आंबट ढाण. जानेवारीत ही गत, मार्च-एप्रिलच्या सोलापूरच्या उन्हात विचारायलाच नको. तर आंबील नाही, पेज चालेल आणि कण्या दोनदा ताज्या. राजगिऱ्याची लापशी दुधात, चांगली लागली. शेंगाची चटणी चौथ्या दिवसापासून, कमी तिखट (आमच्याकडे शेंगा, लसूण, तिखट, जिरं, मीठ, हिंग नसतो, ही एक गोष्ट आयती सुटली).

डबा कोण करणार हा खरा प्रश्न. सासूबाईंचे गुडघे, ह्यांना फक्त चहा येतो. पोराला पेज आणि कण्या शिकवल्या, बारावीचं वर्ष आहे, पण शिकला. हे मुगाचं पाणी शिकले. दोघांनी आपापली कृती फ्रिजवर चिकटवलीय, ह्यांच्या कागदावर पहिली ओळ "गॅस पेटवणे".

१४ जानेवारी

संक्रांत. काल भोगीला बाजरीची भाकरी घरी दळलेली, मजेत. अक्कांनी शेंगापोळ्या दिल्या, घरच्यांनी खाल्ल्या, मी तिळगूळ. संध्याकाळी सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेतले नंदीध्वज बघायला होम मैदानाला गेलो, गर्दी, थंडी, समोर गरम भजी तळतायत. बेसनच तर आहे म्हणून मी चार खाल्ली. मी. जिने हिंगाच्या डबीवर एवढं लिहिलं ती.

बेसनात त्यांचा हिंग असणारच, आणि त्याच कढईत कचोरी. रात्री अकरापासून पोट, तीन दिवस. दोन दिवस ऑफिसला दांडी.

२० जानेवारी

सहा आठवडे जड उचलायचं नाही म्हणतात. मला वाटायचं मी काही जड उचलतच नाही, ऑफिसचं काम. म्हणून एक दिवस खूण करायची ठरवली, हात लावला की उभी रेघ. सकाळच्या नऊपर्यंत अकरा रेघा! पिठाचा डबा, भरलेला कुकर, बादली, ओले कपडे, सिलिंडर सरकवणं, घरघंटीचं पिठाचं भांडं.

आणि पाणी. सोलापुरात नळाला चार-पाच दिवसांनी पाणी, कधी मध्यरात्री कधी पहाटे, ते आलं की घरातली सगळी भांडी भरायची. आमच्या घरात दोन पाळ्या, एक माझी आणि एक पाण्याची, दोन्हींचा भरवसा नाही. आज पाणी होतं म्हणून मी खुर्चीत बसून नुसतं बघायचं ठरवलं. पोरानं पाईप टाकीत सोडला आणि अभ्यासाला गेला, ह्यांना वाटलं तो बघतोय. टाकी भरून जिन्यावरून धबधबा, खालच्या काकांच्या चपला वाहून गेटपर्यंत. मी खुर्चीतून उठले नाही, ओरडले मात्र भरपूर. ओरडायला टाक्यांना चालतं का ते बाईंना विचारायचं राहिलं.

टाकीला तरंगता वॉल्व्ह बसवला, ४५० रुपये प्लंबरसकट. दहा वर्षांपूर्वीच बसवायला पाहिजे होता.

२८ जानेवारी

एचबी ११.१. या पाळीचे तक्त्यावर मार्क १९०, ट्रानेक्झॅमिकने थोडं कमी.

बाईंनी भूलतज्ज्ञांना पण भेटवलं, ऑपरेशन ठरलं तर घाई नको म्हणून. त्यांना सिलिअ‍ॅकचा कागद दाखवला तर त्यांनी फाईलवर लाल पेनने लिहिलं, मी म्हटलं आता कुठे संबंध लागला. सहा तास आधी खाणं बंद, साधं पाणी दोन तास आधीपर्यंत. गोळ्यांमध्ये स्टार्च कसला असतो ते विचारलं, म्हणाले बहुतेक मक्याचा, पण यादी करून कंपनीला विचारा. दहा दिवसांपूर्वीच मी सहा औषधांसाठी मेल टाकले होते, पाच उत्तरं आली, त्यातली चार मका. एकाने "तुमच्या डॉक्टरांचा सल्ला घ्या" लिहिलं. सहावं अजून यायचंय.

मेडिक्लेमचं पण वाचलं, आधी वाचायला हवं होतं. माझ्या पॉलिसीत पिशवीच्या ऑपरेशनला २४ महिने थांबायची अट आहे, पॉलिसीला सोळा झालेत. नोव्हेंबरात केलं असतं तर ६५ हजार खिशातून.

मग निर्णय. गाठ भिंतीत आहे, आतल्या पोकळीला धक्का नाही, अस्तर चांगलं, म्हणून आधी मिरेना. कॉपर-टीसारखंच दिसतं, त्यातून रोज थोडं हार्मोन पिशवीतच सुटतं, अस्तर पातळ पडतं, रक्त कमी. पिशवी मोठी असल्यामुळे निसटून बाहेर पडायचा धोका आहे हे त्यांनी दोनदा सांगितलं. नाही जमलं तर ऑपरेशन, ओव्हरी ठेवून. सासूबाई म्हणाल्या एवढी तयारी केलीस आणि करणार नाहीस? मी म्हटलं करायला लागलं तर तयार आहे की.

३ फेब्रुवारी

मिरेना बसवलं. या वेळी गोळी आधी घेतली आणि ह्यांना नेलं. सगळं मिळून ११,५०० रुपये.

२२ फेब्रुवारी

रोज थोडं-थोडं जातंच आहे, चहाच्या डागासारखं. पहिले तीन ते सहा महिने असं होतं म्हणाल्या होत्या, पण वैताग येतोच. पॅड मात्र दिवसाला एक, बारीकवाला. खुर्चीवरचा टॉवेल धुऊन कपाटात ठेवला.

१० मार्च

टीटीजी ४१. ८६ वरून. अजून दुप्पट आहे पण खाली येतोय, गड्ड्याची भजी धरून. एचबी ११.६.

आतापर्यंतचा हिशेब (कारखान्याच्या सवयीने पैशापैशाचा ठेवलाय): तपासण्या, सलाईनं, इंजेक्शनं, बायोप्सी, मिरेना, डॉक्टर फी मिळून २८,७४०. घरघंटी, जाळी, तवा-परात, हिंग ९,६३०. वॉल्व्ह ४५०. रजा साडेसात दिवस. चहा-गोळीत वाया गेले अडीच महिने, हिंगात चौदा.

पुढची सोनोग्राफी मे महिन्यात. गाठ वाढली किंवा मिरेना निसटलं तर ऑपरेशन, तेव्हा पोराची परीक्षा झालेली असेल, उन्हाळा मात्र कडक असेल, म्हणजे डबा दोनदा न्यायचा. दवाखान्याची पिशवी भरून माळ्यावर ठेवलीय: तीन गाऊन, कमरेला सैल परकर, सगळ्या रिपोर्टांच्या झेरॉक्स, औषधांच्या कंपन्यांचे मेल छापून, लाल चिंधीचा कालथा नाही, तो रोज लागतो. "गॅस पेटवणे" चा कागद फ्रिजवरच आहे.

सहावं उत्तर काल आलं. मका.